हिमयुग सरत आलं होतं, आणि थंडी परतली

डेन्मार्कमधल्या अलेरॉड गावाजवळ विटांसाठी माती काढायची एक खाण होती. १९०१ साली हार्ट्झ आणि मिल्थर्स या दोन अभ्यासकांनी तिच्या उभ्या कापलेल्या भिंतीतल्या थरांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तळाशी करडी चिकणमाती. तिच्यावर झाडपाला कुजून तयार झालेला काळपट थर. आणि त्याच्यावर पुन्हा तशीच करडी चिकणमाती.

काळपट थरात बर्चच्या झाडांच्या खुणा होत्या. करड्या मातीत मात्र, खालच्याही आणि वरच्याही, एका बुटक्या झुडपाची पानं सापडत होती. त्याचं नाव ड्रायस ऑक्टोपेटाला. जमिनीला चिकटून वाढणारं झुडूप, पान जेमतेम बोटाच्या पेराएवढं, कडा कातरलेल्या, फुलाला आठ पांढऱ्या पाकळ्या. आजही ते उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्या माळांवर आणि आल्प्ससारख्या डोंगरांच्या माथ्याकडे फुलतं. जिथे झाडं तग धरत नाहीत, तिथलं हे फूल.

मातीचे थर खालून वर वाचायचे असतात. आधी कडाक्याची थंडी, मग ऊब आली आणि झाडं वाढली, आणि मग थंडी परत आली. ही परतलेली थंडी म्हणजे यंगर ड्रायस, आपल्या भाषेत धाकटा ड्रायस. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी ती सुरू झाली आणि ११,७०० वर्षांपूर्वी संपली. बाराशे वर्षं! आजपासून तेवढे मागे गेलो तर आपण राष्ट्रकूटांच्या काळात पोचतो. एवढा काळ युरोपच्या उत्तरेला माणसं, जनावरं आणि झाडं त्या गारठ्यात जगली.

हे नवल कशाचं, तर वेळेचं. हिमयुग सरत आलं होतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी कॅनडावर काही ठिकाणी तीन-तीन किलोमीटर जाडीचं बर्फ होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे पृथ्वी तापू लागली, बर्फ वितळू लागलं, जंगलं उत्तरेकडे सरकली. आता हळूहळू आजच्यासारखं हवामान येणार असं वाटावं, तेवढ्यात सगळं उलटं फिरलं.

किती झपाट्याने? मातीच्या थरांवरून ते नेमकं कळत नव्हतं. उत्तर आलं ते ग्रीनलंडच्या बर्फातून, आणि त्याची सुरुवात झाली होती एका बिअरच्या बाटलीपासून. १९५२च्या जूनमध्ये कोपनहेगनला विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञांनी घराच्या बागेत बाटलीवर नरसाळं लावून पावसाचं पाणी जमा केलं. पाण्यातला ऑक्सिजन मुख्यतः दोन वजनांचा असतो, एक हलका आणि एक थोडा जड. डोक्यावर दोन गाठोडी घेऊन चाललेला माणूस दमला की जड गाठोडं आधी खाली ठेवतो. ढगाचंही तसंच असतं. हवा थंड होत जाते तसं जड ऑक्सिजनचं पाणी आधी पडून जातं आणि उरलेल्या बाष्पात हलकंच जास्त राहतं. म्हणजे जितकी थंडी कडक, तितकं तिथे पडणारं पाणी किंवा बर्फ हलकं. डान्सगार्ड यांच्या लक्षात आलं की ग्रीनलंडचं जुनं बर्फ तपासलं तर ते पडलं तेव्हाचं तापमान त्यातून वाचता येईल. बागेतल्या एका बाटलीतून असा विचार सुचणं मला आजही फार विलक्षण वाटतं.

१९९३पर्यंत ग्रीनलंडच्या मध्यभागी दोन ठिकाणी, एकमेकांपासून साधारण तीस किलोमीटरवर, तीन किलोमीटरहून खोल छिद्रं पाडून बर्फाचे गोल दांडे बाहेर काढले होते. एक युरोपियनांचा, एक अमेरिकनांचा. हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा असा एक दांडा टेबलावर ठेवून खालून उजेड सोडला की त्यात पट्टे दिसतात. उन्हाळ्यातलं बर्फ भरड, हिवाळ्यातलं घट्ट. एक जोडी म्हणजे एक वर्ष, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं. रिचर्ड ॲली आणि त्यांचे सहकारी हे पट्टे एकेक करून मोजत गेले. धाकट्या ड्रायसचं बर्फ पृष्ठभागापासून पावणेदोन किलोमीटरच्या आसपास खोल आहे. वरच्या भाराने दबून तिथे एकेक वर्ष दोन-तीन सेंटीमीटरचं उरलं आहे. बाराशे वर्षं तीस-बत्तीस मीटरमध्ये मावली आहेत.

मोजता मोजता ही मंडळी त्या थंडीच्या शेवटाशी आली, तर पट्टे एकदम रुंद झाले. वर्षाला पडणारं हिम दुप्पट झालं होतं, आणि ते व्हायला अवघी काही वर्षं लागली होती, कदाचित तीनच. तापमान काही दशकांत सुमारे १० अंश सेल्सिअसने चढलं. त्याआधी बहुतेक अभ्यासक असं धरून चालत की हवामान बदलायला हजारो वर्षं लागतात. इथे एका माणसाच्या आयुष्यात, शाळेत जाण्यापासून नातवंडं होण्यापर्यंतच्या काळात, एक जग जाऊन दुसरं आलं होतं. थंडी येताना मात्र थोडी सावकाश आली, तापमान पुरतं उतरायला शतक-दोन शतकं गेली. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

हा बदल ग्रीनलंडपुरता नव्हता. चीनमधल्या हुलू गुहेतले चुनखडीचे खांब, आपल्या मेघालयातल्या मावम्लुह गुहेतले खांब, अरबी समुद्राच्या तळाचा गाळ, सगळीकडे त्या काळात मान्सून मंदावल्याच्या खुणा आहेत. उत्तर अटलांटिक गारठला की आपल्याकडचा पाऊस आटतो, हे नातं त्यातून दिसलं. आणि अंटार्क्टिकात काय झालं? तिथे त्याच काळात तापमान वाढत होतं. उत्तरेला थंडी, दक्षिणेला ऊब, सी-सॉच्या फळीसारखं. कारण शोधणाऱ्याला या गोष्टीचं उत्तर द्यावंच लागतं.

बहुतेक शास्त्रज्ञ आज जे कारण मानतात ते समुद्रात आहे. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं, साध्या पाण्यात बुडतं, हा प्रयोग आपण लहानपणी केलेला असतो. खारं पाणी जड असतं, आणि थंड असेल तर आणखी जड. अटलांटिकमध्ये उष्ण कटिबंधातलं कोमट, खारं पाणी वरच्या अंगाने उत्तरेकडे वाहत जातं. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास ते आपली ऊब हवेला देऊन टाकतं, थंड होतं, जड होतं आणि खाली बुडतं. मग खोल तळाने दक्षिणेकडे परत येतं. या फेऱ्यात दर सेकंदाला दीड कोटी घनमीटरहून जास्त पाणी फिरतं, म्हणजे जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं ओततात त्याच्या दहापटीहून अधिक. उत्तर युरोपची ऊब बऱ्याच अंशी याच प्रवाहाची देणगी आहे.

आता या बुडणाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर पसरला तर? वरचं पाणी हलकं होईल, बुडणार नाही आणि फेरा मंदावेल किंवा थांबेल. उत्तरेकडे जाणारी ऊब दक्षिणेतच साठून राहील. सी-सॉ जुळतो तो इथे. वॉलेस ब्रोकर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हे चित्र मांडलं. गोडं पाणी कुठून आलं, तर उत्तर अमेरिकेतल्या वितळत्या बर्फाच्या पुढ्यात साचलेल्या अगासीझ नावाच्या सरोवरातून, असं त्यांचं म्हणणं. आपल्या सर्वांत मोठ्या अवस्थेत हे सरोवर महाराष्ट्राहून मोठं होतं. बर्फाचा बांध सरकला आणि पाणी पूर्वेला सेंट लॉरेन्सच्या वाटेने अटलांटिकमध्ये गेलं असं आधी मानत. पुढे उत्तरेच्या मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात महापुराच्या खुणा मिळाल्या, म्हणजे पाणी आर्क्टिक महासागरातून फिरून आलं असावं. पाण्याच्या वाटेवर अजून वाद आहे. प्रवाह मंदावला यावर मात्र फारसा नाही.

इथपर्यंत गोष्ट पृथ्वीवरच घडत होती. २००७ साली तिच्यात आकाश आलं.

रिचर्ड फायरस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी असा दावा केला की १२,९०० वर्षांपूर्वी एक धूमकेतू किंवा त्याचे तुकडे उत्तर अमेरिकेवर फुटले. त्या धक्क्याने बर्फ वितळलं, जंगलं पेटली, थंडी आली, मॅमथ नाहीसे झाले, आणि मॅमथची शिकार करणाऱ्या क्लोव्हिस लोकांची संस्कृती संपली. एकाच घावात अनेक कोडी सुटत होती. पुरावा म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते काळ्या मातीच्या एका पातळ थरावर. ॲरिझोनातल्या मरे स्प्रिंग्ज इथे हा थर मॅमथच्या हाडांवर चादरीसारखा अंथरलेला आहे. त्याच्या खाली मॅमथ आणि क्लोव्हिस भाल्यांची टोकं सापडतात, वर दोन्ही नाहीत. या थराच्या बुडाशी इरिडियम (पृथ्वीच्या कवचात विरळ, पण अंतराळातून येणाऱ्या दगडांत जास्त असणारा धातू), अतिसूक्ष्म हिरे आणि चुंबकाला चिकटणाऱ्या बारीक गोळ्या मिळाल्याचं त्यांनी सांगितलं.

ही कल्पना हवेतली नव्हती. १९८० साली अल्वारेझ पितापुत्रांनी इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात असाच इरिडियमचा थर दाखवला होता, आणि पुढे मेक्सिकोत चिक्शुलुबचं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर त्याच्याशी जुळलं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तो आघात डायनोसॉरांच्या मुळावर आला. (सह्याद्रीचा काळा पाषाण ओतणारे लाव्हा त्याच सुमाराला वाहत होते, आणि दोघांपैकी कोणाचा हात मोठा यावर भूवैज्ञानिक कित्येक दशकं भांडले.) विवर न पाडणारे आघातही असतात. ३० जून १९०८ला सायबेरियात तुंगुस्काच्या वर काहीतरी हवेतच फुटलं आणि दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. १५ फेब्रुवारी २०१३ला चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड जेमतेम वीस मीटरचा होता, तरी फुटलेल्या काचांनी हजाराहून जास्त माणसं जखमी झाली. म्हणून "विवर कुठे आहे?" एवढं विचारून हा दावा मोडीत निघत नाही.

तो तपासावा लागतो खुणांवरून, आणि खुणा फसव्या असतात. पावसाळ्याआधी गच्चीच्या कोपऱ्यातली धूळ गोळा करा, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा आणि चिकटलेलं भिंगाखाली बघा. काही कण गोल गरगरीत दिसतील. त्यातले बहुतेक वेल्डिंगच्या ठिणग्यांचे किंवा कारखान्यांचे असतात, एखाददुसरा खरोखर अंतराळातून आलेला असू शकतो, कारण अशी धूळ पृथ्वीवर सतत पडते. म्हणजे चुंबकी गोळ्या सापडणं पुरेसं नाही. त्या त्याच थरात, इतर थरांपेक्षा खूप जास्त सापडायला हव्यात, आणि दुसऱ्या कोणी मोजल्या तरी सापडायला हव्यात.

२००९ साली टॉड सुरोवेल आणि सहकाऱ्यांनी सात ठिकाणी मोजून पाहिलं, त्यांना तशी वाढ दिसली नाही. नमुने घेण्याची रीत चुकली, असं दाव्याच्या बाजूने उत्तर आलं, आणि २०१२ साली दुसऱ्या एका गटाने गोळ्या पुन्हा मिळाल्याचं सांगितलं. सूक्ष्म हिऱ्यांचं वेगळंच झालं. ज्यांना हिरे म्हटलं होतं त्यांतले काही कार्बनचे साधे पापुद्रे होते, असं इतरांच्या तपासणीत निघालं. मला सर्वांत वजनदार वाटते ती २०१२चीच आणखी एक तपासणी. तिच्यात अमेरिकेतले आणि चिलीतले निरनिराळ्या वयांचे काळे थर घेतले होते, काही धाकट्या ड्रायसच्या कितीतरी आधीचे, काही नंतरचे. त्याच खुणा त्यांच्यातही मिळाल्या. पाणथळ जागी असा काळा थर तयार होताना बारीक धूळ आणि जड धातू त्यात साठत जातात. आघाताची खूण म्हणून जे दाखवलं ते दलदलीचं नेहमीचं काम असू शकतं.

आणि वयाचं काय? आघात एका दिवसात होतो. सगळीकडचे थर त्याच क्षणाचे असले पाहिजेत. २०१४ साली डेव्हिड मेल्टझर आणि सहकाऱ्यांनी पुराव्याच्या २९ ठिकाणांची वयं तपासली. त्यातल्या तीनच ठिकाणांचं वय धाकट्या ड्रायसच्या सुरुवातीशी खात्रीने जुळत होतं.

वय काढणं किती अवघड असतं ते आपल्या लोणारने दाखवलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, बेसाल्ट खडकात आघाताने झालेलं. काठावर उभं राहिलं तर कड्यातले लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, आतून जोराने उचलून ढकलल्यासारखे. खडकातली खनिजं धक्क्याने काच बनली आहेत, आणि १९७३च्या संशोधनापासून ते आघाताचंच आहे याबद्दल शंका उरली नाही. एवढा स्पष्ट, हात लावता येईल असा पुरावा. तरी वय? एका पद्धतीने ५२ हजार वर्षं निघालं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. दहापटीहून जास्त फरक! विवर डोळ्यांसमोर असताना ही गत, तर सेंटीमीटरभर मातीची काय कथा.

ग्रीनलंडमध्ये तर फार मोठी आशा लागली होती. २०१८ साली हायावाथा हिमनदीच्या बर्फाखाली ३१ किलोमीटर रुंदीचं विवर रडारने सापडल्याचं जाहीर झालं. कडा ठळक होत्या, म्हणून ते तरुण वाटलं, आणि धाकट्या ड्रायसचं विवर हेच असावं अशी चर्चा जगभर झाली. बर्फाखालून वाहत येणाऱ्या नदीच्या गाळात आघाताने वितळलेल्या खडकाचे कण होते. वाळूचे ते दाणे आणि खडे प्रयोगशाळेत नेऊन त्यांचं वय काढलं, आणि २०२२ साली उत्तर आलं: सुमारे ५ कोटी ८० लाख वर्षं. त्या काळी ग्रीनलंडवर बर्फ नव्हतं, जंगल होतं. मूठभर वाळूने चार वर्षांची चर्चा संपवली.

दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. २०१३ साली ग्रीनलंडच्या मध्यभागातून काढलेल्या त्या दोन दांड्यांपैकी एकात, धाकट्या ड्रायसच्या सुरुवातीजवळ, प्लॅटिनम या इरिडियमसारख्याच धातूची ठळक वाढ सापडली. ते मोजणारे संशोधक या दाव्याचे पुरस्कर्ते नव्हते. वाढ खरी आहे, इतरत्रही तशा नोंदी आहेत. पण ती वीसेक वर्षं टिकते, एका दिवसाच्या आघाताला हे लांबतं. आणि काळाची मोजणी सुधारल्यावर ती थंडी सुरू झाल्यानंतर काही दशकांनी येते असं दिसतं. परिणामानंतर आलेलं कारण कसं मानायचं? ज्वालामुखीतूनही असा धातू येऊ शकतो. ज्वालामुखीचाही या कोड्यात संशय घेतला गेला आहे. जर्मनीतला लाखर झे ज्वालामुखी थंडीच्या तोंडावरच फुटला असं मानत, पण त्यात गाडल्या गेलेल्या झाडांच्या वर्तुळांवरून २०२१ साली नवं वय निघालं आणि तो स्फोट थंडीच्या शतकभर आधीचा ठरला.

मॅमथचं आणि क्लोव्हिस लोकांचं थोडक्यात सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या तीसहून जास्त प्रजातिगटांचे मोठे प्राणी त्या सुमाराला संपले हे खरं, पण माणसाची शिकार आणि बदलतं हवामान ही कारणं आधीपासून होतीच. सायबेरियाजवळच्या रँगल बेटावर मॅमथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपर्यंत जगत होते. क्लोव्हिस भाले थांबले, पण पाठोपाठ फॉल्सम पद्धतीचे भाले आले. माणसं तिथेच होती, हत्यारं बदलली.

माझं मत काय, तर हा आघात सिद्ध झालेला नाही, आणि हवामान उलटायला त्याची गरजही दिसत नाही. बर्फाच्या त्याच दांड्यांत, गेल्या हिमयुगाच्या लाखभर वर्षांत, अशा झपाट्याच्या उलथापालथी पंचवीसएक वेळा झालेल्या दिसतात. एकदम ऊब, मग सावकाश उतरत जाणारी थंडी. दर वेळी धूमकेतू आला असं कोणी म्हणत नाही. धाकटा ड्रायस त्याच कुटुंबातला दिसतो, वागणंही तेच: जाताना झपाट्याने, येताना संथ. आकाशातल्या घावाने आलेली थंडी याच्या उलट वागली असती. ती एकाएकी आली असती आणि धूळ खाली बसली की काही वर्षांत ओसरली असती. धूळ बाराशे वर्षं हवेत राहत नाही. त्याच्यानंतरही, सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी, अगासीझ आणि ओजिब्वे सरोवरांचं उरलेलं पाणी हडसन उपसागरात फुटलं आणि दीडेकशे वर्षं उत्तर अटलांटिक पुन्हा गारठला. तीच यंत्रणा, लहान मापात.

म्हणून या विषयावर काम करणारे अनेक जण आज समुद्राकडे डोळे लावून बसले आहेत. २००४पासून बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, तळाशी नांगरलेल्या उभ्या तारांवर मोजणीची यंत्रं लावलेली आहेत. पाण्याचं तापमान, खारटपणा आणि दाब ती नोंदवत राहतात, आणि जहाजं ठरावीक काळाने जाऊन ती यंत्रं वर काढतात, नोंदी उतरवून पुन्हा सोडतात. २००९-१०च्या हिवाळ्यात प्रवाह एकाएकी सुमारे तीस टक्क्यांनी घटला आणि मग सावरला. कोणालाही ते अपेक्षित नव्हतं. या नोंदीला आता वीस वर्षं होऊन गेली. धाकट्या ड्रायसच्या बर्फात वीस वर्षं म्हणजे हातभर लांबीचा तुकडा.